करदोडा

लेकराचं वजन करायला आमच्या आज्जीला काटा लागत नसे. अंघोळीआधी ती लेकराला उघडं करून पायांवर आडवं घ्यायची आणि कमरेच्या काळ्या करदोड्यात बोट घालून पाहायची. करंगळी कशीबशी शिरली तर लेकरू अंग धरतंय. एक बोट सैल, तर दात येत असतील, होईल नीट. दोन बोटं सैल झाला की आज्जीचा चेहरा उतरायचा. मग ती गाठ सोडून करदोडा पुन्हा आवळून बांधायची. गाठीपुढे जेवढा दोरा लोंबायचा, तेवढं लेकरू घरातून कमी झालं असं तिला वाटायचं.

हे मला आत्यानं सांगितलं. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, गोदावरीपासून लांब, खडकाळ माळावरचं. १९७२ साली आत्या अकरा वर्षांची होती आणि सगळ्यांत बारक्या भावाला कडेवर वागवायचं काम तिच्याकडे होतं. त्या भावाचं नाव आज्जीनं पुढं कधी उच्चारलं नाही. आत्याही त्याला ‘बारका’ एवढंच म्हणते, म्हणून मीही तेवढंच म्हणते. १९७३च्या उन्हाळ्यात बारक्याच्या करदोड्याची गाठ तीनदा सरकवली, हे मात्र ती दर वेळी सांगते. तीन बोटं वर करून सांगते.

करदोड्यात बोट घालायची रीत आज्जी माहेरून घेऊन आली नव्हती. ती तिला एका अनोळखी बाईनं शिकवली, परमुलखात.

आज्जी त्या काळाला ‘रझाकाराचं वर्ष’ म्हणायची. १९४८. देश स्वतंत्र झाला होता, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या, आणि आज येतील की उद्या याच्यावर लोकांची झोप अवलंबून होती. सरहद्दीलगतची हजारो कुटुंबं तेव्हा घराला कुलूप घालून पलीकडं, भारतात, गेली. आमचं घर निघालं ते रातोरात बैलगाडीनं, जालन्याच्या अंगानं देऊळगाव राजाकडं. ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. आज्जी अठरा वर्षांची. कडेला थोरले काका, वर्षाचे. गाडीच्या चाकाचा आवाज होऊ नये म्हणून वंगणात चिंध्या भिजवून आसाला गुंडाळल्या होत्या. लेकराचा आवाज होऊ नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा बांधलेलं फडकं दिलं होतं. तो खडा पहाटेपर्यंत पुरला, असं आज्जी सांगायची. गुळाचं नाव काढलं की तिला हेच आठवायचं.

पलीकडं गेल्यावर एका शाळेच्या पडवीत ही माणसं उतरली. तिसऱ्या दिवशी गावातली एक बाई तांब्याभर दूध घेऊन आली. पडवीत पाच-सहा लेकरं होती आणि दूध एक तांब्या. बाई खाली बसली, एकेका लेकराला जवळ ओढून तिनं करदोड्यात बोट घातलं, आणि ज्याचा सर्वांत सैल त्याला आधी पाजलं. थोरल्या काकांचा नंबर चौथा लागला. आज्जीला राग आला होता. पण चौथ्या नंबरालाही घोटभर दूध उरलं होतं, आणि त्या बाईनं वाटणीत कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. “ती बाई मला कळायला लई वर्सं गेली,” असं आज्जी म्हातारपणी म्हणायची.

१३ सप्टेंबरला भारताचं सैन्य शिरलं, १७ला निजामानं शरणागती पत्करली. लोक परत आले. पण गावात आता दुसऱ्याच घरांना कुलपं होती. आज्जीच्या हातात लग्नातला चुडा भरणारी मणेरीण तिच्या तीन लेकरांसकट कुठं गेली, ते गावात कुणीच सांगेना. सैन्याच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर हैदराबाद संस्थानातल्या निरपराध मुसलमान कुटुंबांवर काय गुदरलं, ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं नोंदवून ठेवलं आहे. आज्जीनं तो अहवाल पाहिला असण्याचा प्रश्नच नव्हता. तिला तीन लेकरं मोजता येत होती. “तिच्या लेकरांच्या करदोड्यात कुणी बोट घातलं आसंल का गं?” असं तिनं एकदा मला विचारलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही.

तेच थोरले काका मोठे होऊन मुंबईला गिरणीत लागले. त्यांची अंतर्देशीय पत्रं यायची आणि माझे वडील ती आज्जीला वाचून दाखवायचे. १९७१च्या दिवाळीनंतर एक पत्र आलं त्यावर नेहमीच्या तिकिटाबरोबर पाच पैशांचं आणखी एक तिकीट होतं. १५ नोव्हेंबरपासून सरकारनं पत्रांवर निर्वासितांसाठी पाच पैशांचा कर बसवला होता. पूर्व पाकिस्तानातून नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं भारतात आली होती. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या जुन्या तिकिटावरच ‘निर्वासित मदत’ अशा अर्थाची अक्षरं छापून काम चालवलं, पुढं निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट निघालं. वडिलांनी ते आज्जीला दाखवलं. तिनं उजेडाला धरून पाहिलं आणि म्हणाली, “आपूनबी असंच गेलो व्हतो.” मग विचारलं, “पाच पैशाचं दूध किती येतं रे?”

तो कर ३१ मार्च १९७३पर्यंत चालू होता. हे मला फार नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा मी तारखा पुन्हापुन्हा पडताळून पाहिल्या. कारण १९७३च्या मार्चमध्ये आमच्या गावातले तिन्ही आड कोरडे होते, आज्जी खडी फोडायला जात होती, बारक्याची गाठ एकदा सरकवून झाली होती. आणि तरी मुंबईहून येणाऱ्या पत्रावर बंगालातल्या लेकरांसाठी पाच पैसे चिकटवलेले असत. याचा आम्हाला अभिमान वाटावा असं मी म्हणत नाही. कर होता, भरावा लागत होता. पण आज्जीनं ती तिकिटं पत्रावरून भिजवून सोडवली होती आणि देव्हाऱ्याच्या फळीला आतून चिकटवली होती. अकरा होती.

आता बहात्तर. आमच्याकडं ‘बहात्तर’ एवढंच म्हटलं की पुरतं. १९७० आणि ७१ साली पावसानं ओढ दिलीच होती, ७२ला त्यानं पाठच फिरवली. राज्यात धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं. जोंधळा पोटरीतच वाळला. आधी बैल गेले, मग गाय, मग गोठ्याची लाकडं. लोक तरोटा, घोळ, मिळेल तो पाला शिजवत होते, आणि पुढं पालाही मिळेना. रेशनवर अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लालसर दाण्याचा जोंधळा. त्याची भाकर थापताना काठ चिरायचे आणि लेकरं ती तोंडात घोळवत बसायची, गिळायची नाहीत. आत्या म्हणते, “पोट भरायचं, पर जीव भरत नव्हता.”

आणि काम निघालं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात एक कल्पना राबवून पाहिली होती: जो काम मागेल त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे. १९७२च्या महाराष्ट्र दिनापासून ती राज्यभर न्यायचं ठरलं आणि लगेच दुष्काळानं गाठलं. कागदोपत्री त्या वर्षीची बहुतेक कामं दुष्काळी कामांत मोडतात, रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. आमच्या गावाला हा भेद ठाऊक नाही. गाव सगळ्याला ‘खडीचं काम’ म्हणतं. मे १९७३मध्ये राज्यभर या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. एवढ्या मोठ्या अवर्षणात भूकबळींचे ढीग लागले नाहीत, हे जगातल्या अभ्यासकांनी पुढं आदरानं लिहिलं. ते खरंच आहे. कामानं माणसं जगवली, आणि ती मान खाली घालून नाही, घामाच्या पैशानं जगली. बारका गेला म्हणून मी हे नाकारणार नाही.

आत्याच्या डोळ्यांपुढं ती जागा अजून लख्ख आहे. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग. बाया एका रांगेत, एक पाय लांब करून बसलेल्या, पायाच्या अंगठ्याला आणि बोटांना चिंध्या बांधलेल्या. हातोडा पडला की दगडाची कपची उडायची, म्हणून डोळे बारीक केलेले. संध्याकाळी मुकादम लाकडी माप घेऊन खडी मोजायचा आणि मापाप्रमाणं मजुरी. बाभळीच्या झाडांना लुगड्यांच्या झोळ्या टांगलेल्या, एकेका झाडाला तीन-तीन. आत्यासारख्या दहा-अकरा वर्षांच्या पोरी झोळ्यांना झोके देत उभ्या. बाभळीला सावली ती किती! ऊन सरकेल तशी झोळी सरकवायची, हेच दिवसभराचं काम.

दुपारी सुकडी यायची.

सुकडी म्हटलं की आत्याचा आवाज बदलतो. गोण्यांतून यायची. भाजलेलं पीठ, गूळ, शेंगदाण्याचा कूट, अशी तिच्या जिभेनं लावलेली ओळख आहे. रंग मातकट. ॲल्युमिनियमच्या वाटीनं मोजून ओंजळीत घालायचे. वाटीवर आलेलं शीग बोटानं सपाट करून खाली पाडलं की रांगेतल्या सगळ्या पोरी त्या बोटाकडं बघायच्या. पहिला घास कोरडा, टाळूला चिकटायचा, आणि मग थुंकीनं तो विरघळायला लागला की गूळ कळायचा. बारक्याला आत्या पाण्यात कालवून बोटानं चाटवायची. एक बोट त्याला, एक स्वतःला, असं करायचं नाही म्हणून तिनं ठरवलं होतं. ठरवलेलं रोज पाळलं गेलं नाही, हेही ती सांगते. अकरा वर्षांच्या पोरीनं केलेला तो हिशेब ती अजून मांडते आहे.

सुकडी तिथंच खायची, घरी न्यायची नाही, असा दंडक होता. दंडक बरोबरच होता. घरी नेली की ती लेकराची राहात नाही. आज्जीनं तो मोडला. ती स्वतःच्या वाट्यातली निम्मी ओटीत खोचून न्यायची, कारण घरी आंधळा सासरा होता, ज्याला खडी फोडता येत नव्हती. माप लेकरांचं आणि आयांचं होतं, भूक सगळ्या घराची होती. पुढं अंगणवाडीत असताना आत्यानं स्वतः शेकडो आयांना “इथंच भरवा, घरी नेऊ नका” असं बजावलं. एखादीच्या पदराची गाठ जड दिसली की मात्र ती दुसरीकडं बघायची.

मृगाचा पाऊस १९७३ साली वेळेवर पडला. सगळं गाव नाचलं. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी झिऱ्यांत, आडांत उतरलं आणि आठवड्यात गावातल्या लेकरांना हगवण लागली. दुष्काळात लेकरं अशीच जातात, पाऊस पडल्यावर. वर्षभर खंगलेल्या शरीरात लढायला काही उरलेलं नसतं.

आमच्याकडं, आमच्याकडंच काय सगळीकडं, समजूत होती की हगवण लागली की पाणी तोडायचं. वरून घातलं की खालून जातं, मग घालायचं कशाला? बारक्याची टाळू खोल गेली. रडायचा, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. तो जीभ बाहेर काढून ओठ चाटत होता. आत्यानं परकराचं टोक घागरीत बुडवलं आणि गुपचूप त्याच्या तोंडाला लावलं. आज्जीनं ते हिसकावून घेतलं. दोघींचाही जीव त्याच्यावर होता. पहाटे आज्जीनं त्याच्या करदोड्यात बोट घातलं नाही. तो दोरा तोडला, जसा शेवटी तोडावा लागतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९७१च्या जूनमध्ये, बंगालच्या सरहद्दीवर बनगाव इथं डॉ. दिलीप महालनबीस नावाचे सदतिशीच्या आतले बालरोगतज्ज्ञ एका लहान रुग्णालयात घाणीत गुडघे टेकून उपचार करत होते. निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली होती. खाटा सोळा, आणि माणसं जमिनीवर इतकी की पाय ठेवायला जागा नव्हती. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा त्यांनी एक धाडस केलं. बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधं मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, लिटरभर पाण्यात. पिंपात कालवून ठेवलं आणि आयांच्या, बापांच्या, भावंडांच्या हाती पेले दिले: पाजत राहा. ज्या छावण्यांत शंभर रुग्णांतले तीस दगावत होते तिथं त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण चारच्याही खाली आलं, ३.६ टक्क्यांवर. साखर असली की आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं, हे प्रयोगशाळेत आधी कळलं होतं. पण ते एका अडाणी आईला पेल्यानं जमतं, हे बनगावच्या फरशीवर कळलं. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ साली गेले, पद्मविभूषण त्यांना त्यानंतर मिळालं.

ज्या छावण्यांसाठी आमच्या देव्हाऱ्याला अकरा तिकिटं चिकटली होती, त्याच छावण्यांत हे सापडलं. आणि आमच्या गावापर्यंत यायला त्याला दहा-बारा वर्षं लागली. मीठ आमच्या घरात होतं. गुळाचा खडा होता. पाणी, गढूळ का होईना, उकळण्याइतकं होतं. नव्हता तो फक्त एक निरोप. मदत म्हटलं की डोळ्यांपुढं गोण्या येतात, विमानं येतात, ट्रकांच्या रांगा येतात. बारक्यासाठी एक वाक्य पुरलं असतं: पाणी तोडू नका.

हापशाची गोष्ट मात्र उलटी आहे, ती आमच्याकडून निघून बाहेर गेली. बोअर पाडायची यंत्रं त्या काळात मराठवाड्यात फिरू लागली होती, पण वर बसवायचे बिडाचे हातपंप एखाद्या कुटुंबाच्या वापराचे. सबंध गावानं दिवसरात्र हापसलं की ते महिन्यात मोडायचे. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचं मिशन होतं. तिथल्या माणसांनी पोलादाचा, एका खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला, तो ‘जालना पंप’. त्यात सुधारणा होऊन ‘सोलापूर पंप’ आला, आणि त्याच्या आधारानं सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी सत्तरीच्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ घडवला. देशभर गावोगाव उभा दिसतो तोच हापसा. आमच्या गावात तो बसला तेव्हा आत्या लग्न होऊन शेजारच्या गावी गेली होती. माहेरी आली की ती आधी हापशावर जायची, दोन-चार हात मारायची, धार ओंजळीत धरून वास घ्यायची. मी लहान होते, मला वाटायचं आत्याला तहान लागली आहे.

१९८७ साली ती अंगणवाडी सेविका झाली. सातवी पास, एक पोर कडेवर. पहिल्याच दिवशी आलेल्या पोत्यावर तिनं हात फिरवला आणि तोंड उघडून पाहिलं. आत सुकडी होती. चव थोडी वेगळी, पण सुकडीच. ती पोत्याजवळ बराच वेळ बसून राहिली, असं तिची मदतनीस सांगते. आत्या स्वतः सांगत नाही.

मीठ-साखरेचं पाणी तिनं ज्या हट्टानं शिकवलं तो हट्ट सरकारी नव्हता. घरोघरी जाऊन ती सासवांना समोर बसवायची, कारण पाणी तोडायचा हुकूम सासूचा असतो. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आधी स्वतः चाखायचं, आसवापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. तिच्या अंगणवाडीच्या भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो आहे. सगळे सावित्रीबाईंना शाळेची सावित्री म्हणून ओळखतात. आत्याला मी एकदा सांगितलं की १८७७च्या दुष्काळात सावित्रीबाई ओतूर-जुन्नरकडं फिरत होत्या, तिथून त्यांनी जोतीरावांना दुष्काळाची हकीकत कळवली, आणि धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी लेकरांना रोज जेवू घातलं. पंडिता रमाबाईंचंही सांगितलं. आईबाप दुष्काळात गमावलेली ती मुलगी, पुढं १८९७ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो मुलींना स्वतः जाऊन घेऊन आली आणि केडगावात त्यांना घर दिलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी फोटोला हार घालताना ती म्हणाली, “हिलाबी ठाऊक व्हतं म्हणायचं.” काय ते मी विचारलं नाही.

मग एक दिवस तालुक्याहून नवीन पट्टी आली. कागदासारखी, लांबट, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची. सहा महिन्यांपुढच्या लेकराच्या डाव्या दंडाला मध्यावर गुंडाळायची. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल, म्हणजे जीव धोक्यात. प्रशिक्षणात बाकीच्या बाया आकडे पाठ करत होत्या. आत्या घरी आली आणि मला फोनवर म्हणाली, “अगं, सायबांनी करदोडा आणलाय. दंडाचा.”

मी त्या पट्टीचा मागोवा घेतला. १९६७ ते ७० या काळात नायजेरियात बियाफ्राचं यादवी युद्ध झालं, उपासमारीनं पोटं फुगलेल्या लेकरांची छायाचित्रं जगानं तिथली पाहिली. वजनकाटे घेऊन फिरणं शक्य नव्हतं, आणि लेकरांचं वय कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मदतीला गेलेल्या क्वेकर पंथाच्या पथकांनी एक खुणांची काठी केली. काठीशी लेकराला उभं करायचं, दंड मोजायचा आणि त्या उंचीला तो दंड पुरेसा आहे का ते काठीवरच वाचायचं. ज्याचा दंड सर्वांत बारीक त्याला आधी. देऊळगावच्या त्या पडवीत तांब्या घेऊन आलेल्या बाईनं हेच केलं होतं. तिला काठी लागली नाही.

आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, सैन्यात नर्सिंग असिस्टंट आहे. २०१७ साली तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला, पांढऱ्या नाईलच्या काठच्या मलाकलला. तो देश २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३च्या डिसेंबरपासून आपसात लढत होता. २०१७च्या फेब्रुवारीत तिथल्या लीर आणि मायेंदित भागांत रीतसर दुष्काळ जाहीर झाला. पाऊस कमी पडला म्हणून नुसता नाही. माणसं शेत सोडून पळाली, गुरं लुटली गेली, मदतीचे रस्ते बंद झाले म्हणून. मलाकलच्या छावणीत हजारो लोक कुंपणाआड राहात होते.

दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. एकदा त्यानं फोन फिरवून दाखवला, तर मागं बायांची रांग, पिवळे कॅन, आणि मध्ये हापसा. तोच दांडा, तीच तीन पायांची बैठक. आत्या कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “धार कशी आहे?” तो हसून म्हणाला, “जोरात आहे, आई.”

आणखी एका रविवारी त्यानं चंदेरी पुडी दाखवली. शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची भुकटी, साखर, तेल. ९२ ग्रॅमची पुडी, ५०० कॅलरी. पाणी लागत नाही, शिजवायला लागत नाही, लेकरू स्वतः चोखून खातं. त्यानं चाखून पाहिली होती. “सुकडीच आहे गं, ओली,” म्हणाला. आत्यानं विचारलं, “तिथंच खाऊ घालतेत का घरी नेऊ देतेत?” घरी देतात, आठवड्याच्या मोजून, असं तो म्हणाला. आत्यानं मान हलवली. तिला तिच्या आईच्या ओटीतली गाठ दिसत असणार.

त्या दिवशी आतेभावाच्या मागं एक बाई लेकरू घेऊन उभी होती. साधारण वर्षाचं, उघडं. त्याच्या दंडाला पट्टी लावलेली होती, रंग इतक्या लांबून कळत नव्हता. पण कमरेला निळ्या-पांढऱ्या मण्यांची एक सर दिसत होती. आत्या पुढं सरकली. चष्मा नाकावर नीट बसवून तिनं फोन जवळ घेतला.

“आरं, त्याच्या कंबरंला काय हाय ते?”

“मण्यांची माळ आहे, आई. इथं बांधतात लेकरांना.”

“बोट घालून बघ बरं आत.”

तो क्षणभर थांबला. मग फोन कुणाच्या तरी हातात देऊन खाली वाकला, लेकराच्या आईकडं पाहून त्यानं काहीतरी विचारल्यासारखं केलं, आणि बोट घातलं. चित्र हललं, अडकलं, पुन्हा आलं. इकडं आत्याचा नातू तिच्या मांडीवर खेळत होता. तिचा दुसरा हात नकळत त्याच्या करदोड्यावर गेला होता.

“दोन बोटं,” तिकडून आवाज आला. “आई, दोन बोटं सैल आहे.”

“मग त्याला आधी दे,” आत्या म्हणाली.